पेट्रोल पिणारी गाडी : एका दोषाचा शोध

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत जबलपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्यापूर्वी दोन विद्वानांची भाषणे झाली. एक ज्ञानेश्वरीवर आणि दुसरे नर्मदा परिक्रमेवर. त्यानंतर मोटारीच्या कार्ब्युरेटरवर बोलण्यास मी उभा आहे. पंगतीत श्रीखंड वाढून झाल्यावर कोणी शेवग्याच्या शेंगांची आमटी घेऊन यावे, तसा हा प्रकार आहे, याची मला जाणीव आहे. परंतु चिटणिसांनी मला "तुमच्या व्यवसायातले काहीतरी सांगा" असा आग्रह केला. येथील एका कारखान्याच्या देखभाल विभागात माझी चौतीस वर्षे गेली. तेव्हा माझ्या पोतडीतून इंजिनाखेरीज दुसरे काय निघणार? शिवाय ज्या गाडीविषयी मी बोलणार आहे ती आपल्या मंडळाच्या इतिहासातील एक सभासदच आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आपले पहिले कोषाध्यक्ष, ज्यांना आपण सारे केवळ 'काका' म्हणत असू, त्यांनी 1978 साली फिकट निळ्या रंगाची पद्मिनी घेतली. मूळची ही इटलीची फियाट 1100. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई आणि 1974 पासून तिला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. शेठ वालचंद हिराचंदांनी 1944 साली ज्या उद्योगाचा पाया घातला त्याचे हे अपत्य. मुंबईत वाढलेल्या मंडळींना काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती परिचयाची आहे. त्या टॅक्सींपैकी अखेरची 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निवृत्त झाली. काकांच्या गाडीने टॅक्सीचे काम पैसे न घेता केले. मुंबई मेलने येणाऱ्या गायकांना आणि व्याख्यात्यांना स्टेशनवरून आणणे, परदेशी निघालेल्या मुलांना पोहोचवणे, आणि दरवर्षी भाद्रपदात मागच्या आसनावर काकूंच्या मांडीवर बसलेल्या गणपतीला मंडळाच्या दारी आणणे ही तिची ठरलेली कामे होती.

आता मूळ विषयाकडे येतो. 1993 च्या जानेवारीतील रात्र. मंडळाचा तिळगूळ समारंभ आटोपून आम्ही नऊच्या सुमारास घरी परतलो होतो. अकरा वाजता काकूंनी माझे दार वाजवले. काकांच्या छातीत कळ आली होती. मी धावलो, त्यांना मागे निजवले आणि गाडी चालू करण्यास बसलो. जबलपूरच्या जानेवारीची थंडी आपणांस ठाऊक आहे. मी चोक पूर्ण ओढला, सवयीने ॲक्सिलरेटर तीन-चारदा दाबला आणि स्टार्टर मारला. इंजिन एकदा खोकले आणि थांबले. पुन्हा दाबले, पुन्हा मारला. पाचव्या खेपेस बॉनेटच्या फटींतून पेट्रोलचा असा दर्प आला की काकूंनी नाकाला पदर लावला. पुढे बॅटरी मंदावली. अखेर शेजारच्या गृहस्थांनी आपली जीप काढली आणि काकांना इस्पितळात नेले. या सगळ्यात वीस मिनिटे गेली.

काका वाचले, पुढे ते नऊ वर्षे जगले. परंतु ती वीस मिनिटे माझ्या हातून गेली, हे मी कोणाला सांगितले नव्हते. आज सांगतो. इंजिन दोनच तासांपूर्वी चालून आलेले होते, पूर्ण थंड झालेले नव्हते. त्याला एवढ्या चोकची गरज नव्हती आणि वारंवार ॲक्सिलरेटर दाबण्याची तर मुळीच नव्हती. मी व्यवसायाने यंत्रांचा माणूस, आणि तरीही बुडणाऱ्याच्या डोक्यावर घागरीमागून घागर ओतत राहिलो.

काका घरी आले तेव्हा काकूंचा निर्णय झालेला होता. "ही गाडी दारात नको. भंगारात गेली तरी चालेल." काका अंथरुणावरून म्हणाले, "विका, माझी ना नाही. पण आधी तिला काय झाले होते ते शोधा. दोष न कळता विकलेली वस्तू दुसऱ्या कोणाच्या तरी दारात अशीच रात्री थांबायची." मला वाटते, ते वाक्य माझ्यासाठीच होते.

तंत्राची ओळख नसलेल्या श्रोत्यांसाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ हवेत मिसळून जळते. वजनाने एक भाग पेट्रोलला पावणेपंधरा भाग हवा, हे इंजिनाचे सर्वसाधारण पथ्य. थंडीत चालू करताना पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागते, कारण गार धातूवर त्याची पुरेशी वाफ होत नाही. चोकचे काम तेवढेच. पण पेट्रोल फारच वाढले तर मिश्रण पेटेनासे होते आणि प्लगची टोके भिजून ठिणगीही पडेनाशी होते. यालाच इंजिन 'फ्लड' होणे म्हणतात. आपल्याकडचे मिस्त्री 'गाडी ओव्हर मारते' म्हणतात.

कार्ब्युरेटरच्या एका अंगाला एक वाटी असते. तीत पेट्रोलची पातळी कायम राखावी लागते. ती कशी राखली जाते? आपल्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत जसा तरंगता गोळा असतो, तसाच येथे एक पोकळ डबा असतो. त्याला फ्लोट म्हणतात. पेट्रोल चढले की फ्लोट चढतो आणि वरच्या बाजूची एक सुई तिच्या छिद्रात दाबून येणारे पेट्रोल बंद करतो. पातळी उतरली की सुई सुटते. पेट्रोल ज्या तोंडातून हवेच्या प्रवाहात ओढले जाते ते तोंड या पातळीपेक्षा काही मिलिमीटरच वर असते. सारा संसार या थोड्या मिलिमीटरांवर चाललेला! पातळी तेवढी वाढली की इंजिन बंद असतानाही पेट्रोल त्या तोंडातून गळू लागते.

आता त्या गाडीची लक्षणे ऐका. लिटरला बारा-तेरा किलोमीटर जाणारी गाडी आठावर आली होती. मागच्या नळीतून काळा धूर येई. चारही प्लग काजळीने माखलेले, त्यांतील दोन ओले. आणि चौथे लक्षण असे, की ज्याला काका लक्षण न मानता गुण मानत. ते अभिमानाने सांगत, "सहा महिने झाले, इंजिनात तेलाचा थेंब घालावा लागलेला नाही." पंधरा वर्षांचे इंजिन आणि तेल खात नाही! आम्हीही माना डोलावल्या होत्या.

गाडी तीन ठिकाणी दाखवून झाली. पहिल्या मिस्त्रींनी ओले प्लग पाहून ठिणगी कमजोर ठरवली, कॉइल आणि कंडेन्सर बदलले. त्यांचे अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही. ठिणगी पडली नाही तरी आत आलेले पेट्रोल न जळता प्लग भिजवतेच. म्हणून ओला प्लग पाहिल्याबरोबर कार्ब्युरेटरला दोषी धरणे हाही अन्यायच आहे. ठिणगी प्रथम तपासावी हे बरोबर, पण ती तपासून पाहावी. न तपासता कॉइल बदलू नये. दुसऱ्या ठिकाणी एका उस्तादांनी दाबमापक लावून चारही सिलिंडरांचा दाब मोजला. पौंडांत आकडे आले : 85, 90, 80 आणि 110. उस्ताद म्हणाले, रिंग-पिस्टन संपले, बोअर करावे लागेल. खर्चाचा आकडा ऐकून काकूंचे मत अधिकच पक्के झाले. तिसऱ्या ठिकाणी मुख्य जेट काढून लहान बसवला. त्याने धूर थोडा कमी झाला, पण चढावर गाडी धापा टाकू लागली. पातळीचा दोष जेटने झाकण्याचा हा प्रयत्न म्हणजे ताप आलेल्या माणसाला पंखा घालण्यासारखा होता.

दाब कमी आला त्याचे काय? आकडे खोटे नव्हते. येथेच या दोषाचा सर्वांत मोठा फसवेपणा आहे. सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर असतो. रिंगा आणि भिंत यांच्यामधली फट तोच बुजवतो. कच्चे पेट्रोल आत येत राहिले की हा थर धुऊन निघतो, दाब निसटतो आणि धडधाकट इंजिनही म्हाताऱ्यासारखे आकडे दाखवते. आत चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजण्याची एक पद्धत आहे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या असा निष्कर्ष काढतात. पण धुतलेल्या भिंतीच्या बाबतीतही तेल टाकले की दाब वाढणारच! म्हणजे या परीक्षेने दोघांतला भेद कळत नाही. पेट्रोलचा दोष आधी दूर करावा, तेल बदलावे, गाडी काही दिवस चालवावी, आणि मग दाब मोजावा. याला दुसरा मार्ग नाही. किती गाड्या यापायी विनाकारण बोअर झाल्या असतील, देव जाणे.

त्या रविवारी सकाळी मी काकूंच्या व्हरांड्यात बसून शोधाला प्रारंभ केला. हवेची गाळणी काढली. ती तुंबली असती तर त्यानेही मिश्रण दाट होते. ती स्वच्छ होती. चोकची तार पूर्ण परत जाते की नाही पाहिले, जात होती. पेट्रोलचा पंप कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचवील इतके चालवून इंजिन बंद केले, आणि मग विजेरी घेऊन कार्ब्युरेटरच्या घशात पाहिले. बंद इंजिनाच्या घशात टप-टप थेंब पडत होते. मित्रहो, या एका दृश्याने निम्मा प्रश्न सुटला. चोक नाही, ठिणगी नाही, रिंगा तर नाहीतच. इंजिन थांबलेले असताना पेट्रोल गळते म्हणजे वाटीतील पातळी जास्त आहे. मग दोष सुईचा, फ्लोटचा, किंवा सुईच्या बुडाशी असलेल्या वॉशरचा. या जातीच्या सोलेक्स कार्ब्युरेटरांत सुईच्या खालील वॉशरची जाडी बदलली की पातळी बदलते : जाड वॉशर म्हणजे कमी पातळी, पातळ वॉशर म्हणजे जास्त. कोणी सफाई करताना हा वॉशर हरवला तर नवा दोष त्याच क्षणी जन्मास येतो.

एक इशारा येथेच देतो. घशात डोकावताना दुसऱ्या कोणालाही स्टार्टर मारू देऊ नये. इंजिनाने उलटा भडका मारला तर तो तोंडावरच येतो.

वाटीचे झाकण उघडले. वॉशर जागेवर होता. सुईच्या टोकाशी मात्र कचऱ्याचा बारीक कण सापडला. मला कोण आनंद झाला! दोष सापडला, असे मी काकांना आत जाऊन सांगितले. सारे भाग धुतले, फ्लोटसह उन्हात वाळत ठेवले, काकूंच्या आग्रहाने जेवलो, आणि दुपारी जोडणी केली. गाडी घड्याळासारखी चालू झाली. थेंब बंद, धूर बंद.

पंधरा दिवसांनी सगळे पुन्हा सुरू झाले.

यंत्राच्या कामात निराशेचे जे प्रकार आहेत त्यांत 'बरा झालेला दोष परत येणे' हा सर्वांत वाईट. कारण त्यात आपल्या तर्काचाही पराभव असतो. मी दुसऱ्या रविवारी पुन्हा झाकण उघडले. सुई स्वच्छ होती. ती नवी आणून बसवली, तरी थेंब पडतच होते. सगळे भाग पुन्हा काढून मी व्हरांड्यात वर्तमानपत्रावर मांडले. नागपूरहून एक दिवस उशिरा येणारे ते वर्तमानपत्र काका अक्षरन् अक्षर वाचत, म्हणून काकूंनी जुना अंक दिला होता. मी जेटशी खटपट करीत होतो. काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हा डबा ओला का? तुम्ही तर मघाशीच पुसलात." पितळी फ्लोटखाली कागदावर रुपयाएवढा ओला डाग होता. मी म्हटले, पुसताना राहिले असेल. काकूंनी उत्तर दिले नाही. तो फ्लोट उचलला, आणि बाजारात नारळ घेताना करतात तसा कानाशी धरून हलवला. "यात पाणी आहे," त्या म्हणाल्या.

मी हलवून पाहिला. आत पेट्रोल खळखळत होते.

आपणांपैकी ज्यांना या क्षणाचे महत्त्व कळले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. फ्लोट पोकळ असतो म्हणूनच तरंगतो. त्याच्या डाक घातलेल्या सांध्यावर सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले होते. इंजिन तापले की फ्लोटमधील हवा फुगून छिद्रातून बाहेर जाई. इंजिन निवले की हवा आक्रसे आणि तिच्या जागी पेट्रोल आत ओढले जाई. दररोज काही थेंब. फ्लोट जड झाला की तो पुरेसा वर चढत नाही, सुई पुरेशी दाबत नाही, आणि पातळी वाढतच जाते. मग पहिल्या रविवारी गाडी बरी कशी झाली? मी फ्लोट उन्हात ठेवला होता! जेवणाच्या दोन तासांत आतले बहुतेक पेट्रोल छिद्रातून बाहेर पडून उडून गेले. हलका झालेला फ्लोट पंधरा दिवस नीट तरंगला. पुन्हा भरला आणि पुन्हा बुडाला. कचऱ्याचा तो कण निरपराध होता, निदान मुख्य आरोपी नव्हता. एकाच वेळी दोन गोष्टी केल्या की कोणत्या गोष्टीने गुण आला ते कळत नाही, हे मी कारखान्यात शिकाऊ मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो होतो.

छिद्र शोधण्याची रीत सोपी आहे. पातेल्यात कढत पाणी घेऊन, चुलीपासून दूर, मोकळ्या जागी त्यात फ्लोट बुडवावा. आतली हवा फुगते आणि छिद्रातून बुडबुड्यांची माळ निघते. तेथे खूण करावी. यापुढचे काम मात्र धोक्याचे. आत पेट्रोल किंवा त्याची वाफ असताना फ्लोटला डाग देण्याची इस्त्री अथवा ज्योत लावली तर तो फटाक्यासारखा उडतो. म्हणून दुसरे छिद्र पाडून, पुन्हा पुन्हा गरम पाण्यात धरून, आतले पेट्रोल समूळ काढावे लागते, आणि एक दिवस तसाच उघडा ठेवावा लागतो. डाकही बेताने घालावी. तिच्या वजनानेही फ्लोट थोडा जड होतो आणि पातळी बदलते. हे सर्व मी केले, पण ते तात्पुरतेच होते. फ्लोट नवाच हवा. जबलपूरच्या बाजारात तो मिळाला नाही. मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. तेथून आपल्या एका सभासदाने तो आणला. मुंबई मेलच्या प्रवासात भाकरवडीच्या पुड्यात तो सुखरूप राहिला, आणि त्याला कित्येक दिवस मसाल्याचा वास येत होता.

आता काकांच्या अभिमानाकडे वळतो. मी डिपस्टिक काढून पाहिली. तेल वरच्या खुणेच्याही बरेच वर होते! बोटांवर घेतले तर पाण्यासारखे पातळ, आणि वास पेट्रोलचा. गाडी तेल खात नव्हती असे नव्हे. जेवढे तेल ती खाई त्याहून अधिक पेट्रोल भिंतींवरून ओघळून खाली तेलात जाऊन मिसळत होते. तेलाची पातळी आपोआप वाढली तर तो आनंदाचा नव्हे, तत्काळ गाडी थांबवण्याचा प्रसंग आहे. अशा तेलाने बेअरिंगे जातात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या गाड्यांत कॅमशाफ्टवर चालणारा जो पेट्रोलचा पंप असतो त्याचा पडदा फाटला तरीसुद्धा पेट्रोल तेलात उतरते. तेव्हा दोन्ही तपासावे. आमचा पंप ठीक होता. काकांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे सहा महिने ती सांगत होती."

तेल त्याच दिवशी बदलले, आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. मूळचा जेट परत बसवला. मग मी गाडी मुद्दाम त्याच उस्तादांकडे नेली आणि दाब मोजण्याची विनंती केली. चारही सिलिंडर 120 च्या आगेमागे, पाच पौंडांच्या फरकात. उस्तादांनी दोनदा मोजले. मग त्यांनी मजुरी घेतली नाही आणि फ्लोटची गोष्ट पुन्हा सविस्तर सांगायला लावली. असा कारागीर भेटणे भाग्याचे.

हे सर्व आज सांगण्याचे प्रयोजन असे, की गेल्या पावसाळ्यात काकांच्या नातवाने मला बोलावले. गाडी त्याने ठेवली आहे, नोंदणीचे नूतनीकरण वेळच्या वेळी करतो, आणि सणावारी चालवतो. ती पुन्हा ओव्हर मारू लागली होती. मी मोठ्या आत्मविश्वासाने फ्लोट कानाशी धरून हलवला. कोरडा होता! दोष सुईच्या टोकाशी निघाला. काळ्या रबराचा चिकट कण तेथे अडकला होता. तो आला पेट्रोलच्या जुन्या नळीतून.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपल्या देशात 2022 च्या जूनमध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले आणि 2025 साली वीस टक्क्यांवर. 1978 च्या गाडीतील रबरी नळ्या, पंपाचा पडदा, वॉशर हे अशा मिश्रणासाठी घडवलेले नाहीत. मद्यार्काने ते फुगतात, मऊ पडतात, त्यांचे कण सुटतात. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळही तो सैल करतो. शिवाय मद्यार्क हवेतील ओल ओढून घेतो. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर वाटीत पांढुरकी भुकटी दिसते. आणि पेट्रोल उडून मागे राहिलेल्या डिंकासारख्या थराने सुई चिकटते, हे तर पूर्वीही होत असे. उपाय फार नाहीत : नळ्या आणि पडदा मद्यार्क सोसणाऱ्या नव्या जातीचे बसवावेत, टाकी आणि पंप यांच्यामध्ये लहान गाळणी घालावी, आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी चांगली दहा-पंधरा किलोमीटर चालवावी. नुसती दारात घुरघुरवून बंद करू नये. त्याने तेलात पेट्रोल अधिकच जाते.

उन्हाळ्यातला एक प्रकार याच्याशी गल्लत करणारा आहे. नागपूरला जाताना कुरईचा घाट उतरून खवासापाशी आपण चहाला थांबतो. मे महिन्यातील दुपार, 42 अंशांचे ऊन. दहा-पंधरा मिनिटांनी गाडी चालू होत नाही आणि पेट्रोलचा वास येतो. पेट्रोलचे हलके घटक चाळीस अंशांच्या अलीकडेच उकळू लागतात. इंजिन बंद झाल्यावर त्याची उष्णता वर चढते, वाटीतील पेट्रोल उकळते आणि घशात उतरते. हा सुईचा किंवा फ्लोटचा दोष नव्हे. बॉनेट उघडून अर्धा तास थांबले की गाडी जणू काही झालेच नाही अशी चालू होते. जो दोष थंड इंजिनावर सकाळीही दिसतो तो वाटीचा. जो केवळ तापल्यानंतर दिसतो आणि निवल्यावर जातो तो उन्हाचा.

आणि त्या रात्री मी काय करायला हवे होते? चोक पूर्ण आत ढकलायचा. ॲक्सिलरेटर तळापर्यंत एकदाच दाबून तसाच धरायचा. सोडायचा नाही, पुन्हा दाबायचा नाही. ज्या कार्ब्युरेटरला प्रवेगाचा छोटा पंप असतो तो प्रत्येक दाबेसरशी पेट्रोलची चिळकांडी मारतो. पाय दाबून धरला की हवेचे दार पूर्ण उघडते आणि साचलेले पेट्रोल वाहून जाते. स्टार्टर दहा सेकंदांहून अधिक मारायचा नाही. अर्धा मिनिट विसावा, मग पुन्हा. तीन-चार प्रयत्नांत यश आले नाही तर पंधरा मिनिटे स्वस्थ बसायचे, किंवा प्लग काढून पुसायचे. प्लग काढलेले असताना स्टार्टर मारायचा तर कॉइलची तार आधी सोडवायची, कारण त्या भोकांतून पेट्रोलचे तुषार उडतात आणि एक ठिणगी पुरेशी होते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, खालच्या खळग्यात साठून राहते. म्हणून गाडीखाली ओघळ दिसला तर आधी गाडी ढकलून मोकळ्यावर आणावी. बिडी-सिगारेटचे सांगायलाच नको. कोरड्या भुकटीचे अग्निशामक जवळ असावे. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी टाकू नये.

रुग्ण गाडीत असेल तर पंधरा मिनिटे स्वस्थ बसणे कोणास जमणार, हा प्रश्न काकूंनी मला विचारला होता. त्याला माझे उत्तर असे, की तेव्हा दोन प्रयत्नांनंतर गाडी सोडून शेजाऱ्याचे दार वाजवावे. ते मी पाचव्या प्रयत्नानंतर वाजवले.

काकांचा जुना फ्लोट माझ्या टेबलावर गेली कित्येक वर्षे कागद दाबण्याच्या कामी आहे. आज तो खिशातून आणला आहे. सांध्यावर माझ्या डाकेचा ओबडधोबड ठिपका दिसेल. त्याच्या शेजारी जे बारीक छिद्र आहे ते मी पाडलेले, बुजवायचे राहून गेले. आता तो सभागृहात फिरवतो. कानाशी धरून हलवून पाहावा, आत काही नाही. मागच्या रांगेतून तो परत माझ्याकडे येईपर्यंत कोणास काही विचारावयाचे असल्यास अवश्य विचारावे.